चटणी गाडीवरच व्हायला हवी

पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमधला लाल सॉस महाड-पोलादपूरच्या खाण्याच्या गाड्यांवरून जायला हवा, असं माझं ठाम मत आहे. त्याच्या जागी ज्याने त्याने आपली चटणी आपल्या हाताने करावी. वडापावला करावी, भजीपावला करावी, आणि महाडला कॉलेजच्या वाटेवर पोरं आता जे हॉटडॉग विकू लागलीत, त्यालाही करावी. मी पोलादपूरला सर्व्हिस रोडलगत वडापावची गाडी चालवते. गाडी सासूबाईंनी सुरू केली, त्यांच्यानंतर ती माझ्याकडे आली. रोज पहाटे लसूण सोलताना हे मत पक्कं होत गेलं आहे.

पोलादपूर हे थांब्याचं गाव. मुंबईहून तळकोकणात निघालेल्या गाडीपुढे कशेडी घाट, आणि महाबळेश्वरला निघालेल्या गाडीपुढे आंबेनळी घाट. दोन्हींच्या पायथ्याशी आम्ही. घाट उतरून आलेल्याला चहा हवा असायचा, चढणाऱ्याला पोटाला आधार. गाडी थांबणारच, हे धरूनच इथल्या हातगाड्या उभ्या राहिल्या. २०२३ च्या गणपतीत कशेडीच्या बोगद्याची एक बाजू लहान गाड्यांना खुली झाली आणि घाटातला वेळ एकदम वाचू लागला. गावी जाणाऱ्या चाकरमान्यांचे हाल कमी झाले, ह्याचा मला आनंदच आहे. माझी स्वतःची माणसं त्या रस्त्याने येतात. पण चौपदरी रस्त्यावरून सुसाट निघालेली गाडी पूर्वीसारखी आपसूक थांबत नाही. तिने सर्व्हिस रोडला उतरावं, असं काहीतरी तुमच्याकडे असावं लागतं. बटाटा सगळीकडे तोच, बेसन तेच, पावही एकाच बेकरीतून चार गाड्यांवर जातो. मग उरतं काय? चटणी. परवा रत्नागिरीकडचे एक काका बोगद्याआधी मुद्दाम खाली उतरून आले आणि वडा घेण्याआधी त्यांनी विचारलं, "सुकी चटणी घरचीच ना अजून?" माझ्या धंद्याचं भवितव्य त्या प्रश्नात आहे, असं मी मानते.

ती चटणी कशी होते, ते आधी सांगते. सासूबाई मिरची दोन प्रकारची घ्यायच्या. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. दोन्ही घाटावरच्या, ब्याडगी पार हावेरीकडची. आमच्याकडे परसात चार रोपं लागतात, ती ओल्या मिरचीपुरती. सुकी मिरची घाटावरूनच उतरणार. महाड हे सावित्रीच्या खाडीवरचं जुनं व्यापारी गाव. बाणकोटकडून होड्या यायच्या आणि देशावरचा माल वरंध घाटाने खाली यायचा. आता तो ट्रकने येतो, एवढाच फरक. मिरची उन्हात खडखडीत वाळवायची, देठं मोडायची आणि मंद आचेवर नुसती शेकायची. काळा डाग पडला की मिरची कडू झालीच. मग त्यात कितीही गूळ घाला, कडवटपणा जात नाही. सुक्या खोबऱ्याचा कीस वेगळा भाजायचा, तोही बदामी रंगावर थांबवायचा. लसूण मात्र कच्चा ठेवायचा नाही: तव्यावर थेंबभर तेलात त्याचं पाणी आटेपर्यंत परतायचा. मग मीठ, जरासे तीळ, आणि वरून वड्यांच्या घाण्यातून निघालेला बेसनाचा कुरकुरीत चुरा. पूर्वी हे सगळं पाट्यावर व्हायचं, आता मिक्सरला थांबत थांबत फिरवते. सलग फिरवलं तर भांडं तापतं, खोबरं तेल सोडतं आणि चटणीचा गोळा होतो.

वडापावचा इतिहास सांगताना लोक दादर स्टेशनबाहेरच्या अशोक वैद्यांचं नाव घेतात, साल १९६६ चं धरतात. त्या पावात वडा जितका महत्त्वाचा होता, तितकीच ही लाल सुकी चटणी. वडा सौम्य, पाव फिका; दोघांना जागं करते ती चटणी. ती काढून तिथे गोडसर लाल सॉस ओतला, की गिऱ्हाइकाने कणेरी नाका काय नि कळंबोली काय, कुठेही खावं, चव एकच. मग पोलादपूरला त्याने का थांबावं?

आता हॉटडॉगकडे येते. महाडची ती पोरं कष्टाळू आहेत. दुपारी गाडी लावतात, रात्री दहापर्यंत उभी असतात. लांबट पाव उभा चिरून तव्यावर लोण्यात शेकतात, आत चिकनचं सॉसेज किंवा भाजीचा लांब कटलेट, वर कांदा-कोबी. इथपर्यंत सगळं चांगलं. त्यानंतर तीन बाटल्या: लाल, हिरवी, पांढरी. लाल बाटली कॅनमधून भरलेली. मी त्यांना म्हटलं, "अरे, लाल तेवढा घरी करा, मी शिकवते." त्यातला मोठा म्हणाला, "काकी, हॉटडॉगला कोण घरचा सॉस करतं? तो बाटलीतलाच असतो."

तसं मुळीच नाही, आणि हे मला माझ्या भाच्याकडून कळलं. तो मिशिगनमध्ये नोकरीला आहे. तिकडे डेट्रॉइट शहरात हॉटडॉगवर घालायचा तिखट सॉस हीच दुकानाची ओळख असते. ग्रीसमधून आलेल्या केरोस भावांची दोन दुकानं तिथे भिंतीला भिंत लावून उभी राहिली. एक 'अमेरिकन कोनी आयलंड', १९१७ पासूनचं, आणि दुसरं 'लाफायेट'. दोन्हीकडे पाव, सॉसेज, मोहरी, चिरलेला कांदा सगळं सारखं. तरी शहरातले लोक एका दुकानाचे कट्टर असतात आणि दुसऱ्याची पायरी चढत नाहीत. भांडण सगळं सॉसवरून. हा सॉस म्हणजे बारीक खिमा, मिरचीपूड, जिरं, कांदा असा शिजवून दाटसर केलेला असतो. सिनसिनाटीला मॅसेडोनियाहून आलेल्या दोन भावांनी १९२२ मध्ये 'एम्प्रेस' नावाचं दुकान काढलं, त्यांच्या सॉसमध्ये दालचिनीसुद्धा असते. आपला गरम मसालाच म्हणा की. परक्या देशात आलेली, भाषा न येणारी माणसं. त्यांनी तिथला पाव घेतला, तिथलं सॉसेज घेतलं आणि वरची चव स्वतःच्या हातची ठेवली. त्या चवीवर त्यांच्या नातवंडांपर्यंत दुकानं चालली. महाडच्या पोरांनी ह्यातून घ्यायचं ते हेच.

म्हणून मी त्यांच्यासाठी एक सॉस बसवला. तो इथे देते, कारण हा कुणीही करावा असं मला वाटतं. शंभर ग्रॅम ब्याडगी आणि पंचवीस ग्रॅम संकेश्वरी, देठं काढून, कात्रीने उभी चिरून घ्या. बिया झटकून टाकल्या की तिखट कमी होतं, असं आपण समजतो. पण तिखटपणाचं मूळ बियांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत असतं. तिखट कमी हवं तर ती शीर खरवडून काढा. मिरची कढत पाण्यात अर्धा तास भिजू द्या. एकीकडे मूठभर कुळीथ रात्रभर भिजवून मऊ उकडून ठेवा. हे कुळीथ माझ्या डोक्यातून निघालं. अमेरिकेतल्या सॉसला खिम्याचा जो दाणेदारपणा असतो, तो शाकाहारी गिऱ्हाइकाला द्यायचा कसा, हा प्रश्न होता. आणि भात कापल्यावर आमच्या शेतांत कुळीथ होतोच. त्याची भरड खिम्यासारखीच तोंडात लागते. ज्यांना चालतं त्यांनी चिकनचा खिमा घ्यावा.

भिजलेली मिरची, लसणाचा एक मोठा गड्डा आणि चमचाभर भाजलेलं जिरं एकत्र गंधासारखं वाटा. कढईत चार-पाच चमचे तेल तापवून दोन कांदे अगदी बारीक चिरून घाला, तांबूस होऊ द्या. आता आच कमी करा आणि मगच वाटण घाला. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात, पाण्यात फारसे उतरत नाहीत. म्हणून तेल हवं, पण धूर निघणारं नको. कडकडीत तेलात वाटण पडलं तर रंग काळवंडतो आणि अख्खी गल्ली खोकत सुटते. कडेने तेल सुटू लागलं की पाव किलो पिकलेल्या टोमॅटोचा रस, कुळथाची भरड, मीठ, लिंबाएवढा गूळ आणि दोन-तीन चमचे कोकमाचं आगळ. आगळात बहुधा मीठ असतंच, तेव्हा मीठ बेताने. मग झाकण अर्धवट ठेवून पंचवीस-तीस मिनिटं शिजवा, मधूनमधून तळ खरवडा. पळी तिरपी केल्यावर सॉस ओघळू नये, धप्पकन पडावा. तसा झाला की पावात घातल्यावर पाव भिजत नाही. गिऱ्हाईक हॉटडॉग हातात घेऊन बसमध्ये चढतं, त्याच्या शर्टावर सॉस सांडता कामा नये.

आगळ का, व्हिनेगर का नाही, असं पोरांनी विचारलं. व्हिनेगर चालतं. पण कोकमाचा आंबटपणा मिरचीला मागून येऊन भिडतो, आधी नाकात जात नाही. आणि तो आपल्या मातीतला आहे. रायगड किल्ला पाहायला आलेला पुण्याचा माणूस महाडला हॉटडॉग खाईल तेव्हा त्याला कुळीथ आणि कोकम भेटावं, ह्यात मला फार मोठा आनंद वाटतो.

कॅनच्या सॉसबद्दल माझा राग चवीपुरता असता, तर मी लिहायला बसले नसते. कॅनवरचं लेबल चष्मा लावून वाचा. स्वस्तातल्या कॅनवर मिरची किती खाली असते बघा. वर पाणी, साखर, स्टार्च, मग आम्ल, रंग आणि २११ हा आकडा, म्हणजे सोडियम बेंझोएट. हे पदार्थ ठरलेल्या मर्यादेत कायद्याने चालतात, हे मी मान्य करते. चांगल्या कंपन्या ती मर्यादा पाळतही असतील. पण गाडीवर जो सुटा, बिनलेबलाचा कॅन येतो, त्याची मर्यादा कोण बघणार? लाल रंगाने जगाला आधीच दाखवून दिलंय काय होऊ शकतं. २००५ साली ब्रिटनमध्ये मिरचीपुडीत सुदान-वन हा बुटांच्या पॉलिशमध्ये वापरला जाणारा रंग सापडला. ती पूड एका वूस्टर सॉसमध्ये गेली होती आणि तो सॉस शेकडो तयार पदार्थांत. चारशेहून जास्त पदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले. आपल्या शेजारच्या कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियन आणि म्हातारीच्या केसांमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली, कारण तपासलेल्या नमुन्यांत घातक रंग निघाले. शाळा सुटल्यावर माझ्या गाडीवर जी मुलं येतात, ती दहा-बारा वर्षांची असतात. त्यांच्या पावात मी काय घालते, ते मला माहीत असलंच पाहिजे.

घरचं म्हणून सगळं आपोआप चांगलं, असंही नाही. हे मी तितक्याच जोराने सांगेन. कच्चा लसूण तेलात बुडवून बरणी आठवडाभर बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. लसूण मातीतून येतो, मातीतले सूक्ष्म बीजाणू त्याच्यासोबत येतात, आणि तेलाखाली हवा नसते. नेमकी तीच जागा बोट्युलिझमचं विष तयार करणाऱ्या जिवाणूंना मानवते. सुक्या चटणीत पाणी जवळपास नसतं आणि ओल्या सॉसमध्ये आम्ल असतं, म्हणून त्यांत हा धोका कमी होतो. तरीही ओला सॉस फ्रिजमध्येच ठेवायचा, आठवडाभरात संपवायचा, दिवसाला लागेल तेवढाच छोट्या डब्यात काढायचा आणि उरलेला परत मोठ्या बरणीत ओतायचा नाही. चमचा कोरडा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे भिंतींना ओल येते. वर महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला आमच्या वाट्याचाही कमी नसतो. त्या चार महिन्यांत सुकी चटणी मी दोन-तीन दिवसांपुरतीच करते. खोबरं खवट झालं तर अख्खा घाणा वाया जातो.

आणि ओल लागलेली मिरची कधीही विकत घेऊ नये. २२ जुलै २०२१ ला महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं. माझ्या बहिणीचं घर तिथे खालच्या मजल्यावर. वर्षाचा मसाला, मिरची, हळद, सगळं चिखलात गेलं. नंतर ऊन पडलं तेव्हा शेजारपाजारच्या बायका ती मिरची धुऊन वाळवावी का, असं विचारत होत्या. गरिबाच्या घरात वर्षाचं तिखट म्हणजे लहान रक्कम नसते. तरी आम्ही ते सगळं फेकलं. ओल लागलेल्या मिरचीवर जी बुरशी धरते, तिचं विष वाळवून किंवा भाजून जात नाही आणि कुटल्यावर ते डोळ्यांना दिसतही नाही. बाजारात कधी फारच स्वस्त, मळकट, मऊ पडलेली मिरची दिसली की मला ते दिवस आठवतात आणि मी पुढे जाते. विकत घेताना मिरची कानाशी धरून हलवा, आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. मोडली तर कट्ट आवाज यायला हवा.

खर्चाचं बोलते, कारण पोरांचा खरा अडसर तो आहे. एक किलो सुक्या चटणीत, वड्याला पाच ग्रॅम धरली तर, दोनशे वडापाव निघतात. खोबरं, लसूण, मिरची, गॅस धरून वड्यामागे पावणेदोन-दोन रुपये पडतात. २०२४ च्या अखेरीस लसूण किलोला ४०० रुपयांच्या घरात गेला होता, तेव्हा त्याहून जास्त पडले. कॅनचा सॉस ह्याच्या निम्म्यातही पडत नाही, हे खरं आहे. पण मी वडा दोन रुपये महाग विकते आणि सांगून विकते. आजवर एकही गिऱ्हाईक त्यावरून परत गेलेलं नाही. गेलं असेल, तर कॅनचा सॉस खायलाच गेलं असेल, आणि त्याचा माझ्या धंद्यावर परिणाम झालेला मला दिसला नाही.

एकट्याने सगळ्यांनाच हे जमणार नाही, हेही दिसतं. पहाटे चारला उठून लसूण सोलायला घरात दुसरं माणूस लागतं. तरुण पोरांच्या घरी ते नसतं; आई शेतावर, बाप मुंबईला किंवा औद्योगिक वसाहतीत पाळीवर. म्हणून माझं म्हणणं आहे, की हे काम गावातल्या बचत गटांनी उचलावं. उमेद अभियानातून महाड-पोलादपूरच्या वाड्यावाड्यांवर गट उभे आहेत. त्यांच्याकडून पापड-लोणची करून घेऊन प्रदर्शनात मांडतात, वर्षातून दोनदा विकली जातात. त्याऐवजी रोज लागणारा माल द्या की त्यांना. दहा गाड्यांनी मिळून एका गटाकडून रोजची ताजी चटणी आणि आठवड्याचा सॉस घेतला, तर त्या बायकांना रोजचा पैसा, आणि प्रत्येक गाडीने मिरचीचं प्रमाण आपापलं ठरवलं तर चवही वेगळी राहील. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत यंत्राला ३५ टक्के अनुदान आणि गटातल्या सदस्यामागे चाळीस हजारांपर्यंत बीजभांडवल ठेवण्यात आलं. मसाला कुटायचा एक छोटा डंक आणि एक ओलं वाटायचं यंत्र, एवढं पुरे. पंचायतीने त्यासाठी पत्र्याची एक शेड आणि नळाचं स्वच्छ पाणी द्यावं. महामार्गासाठी आमच्या भागाने जमिनी दिल्या, धूळ खाल्ली, वर्षानुवर्षं खड्डे सोसले. त्या रस्त्यालगत आम्हाला एक शेड मिळायला हरकत नसावी.

आणखी एक मागणी एसटीच्या आगारांकडे. स्थानकात खाद्यपदार्थांचा गाळा देताना भाडं किती येतं एवढंच बघू नका. चटणी, भाजी जागेवर करणाऱ्याला प्राधान्य द्या. रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालेली बाई मुलाला भरवायला स्थानकातच काहीतरी घेते. तिला निवड नसते.

पोरांपैकी धाकटा गेल्या आठवड्यात आला होता. त्याने सॉसची पहिली खेप घरी केली, त्यात आगळ जास्त झालं होतं आणि कांदा नीट परतला नव्हता, पण रंग सुरेख आला होता. पुढच्या खेपेला मोठ्या भावाला घेऊन येतो म्हणाला. त्याला मी सांगितलंय: मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये घे, नवा माल तेव्हा उतरतो आणि भावही बरा असतो, एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर टाक, आणि पहिली सर येण्याआधी हवाबंद डब्यात भर. पावसाळ्यात घ्यायला गेलास तर महागही पडेल आणि सर्दावलेलीच मिळेल.